सोनईचा पाळणा आणि आईची राहिलेली फेरी

पाळणा बंद होणार ही बातमी बुधवारी आमच्या मामेभावंडांच्या ग्रुपवर आली. फ्लेक्सचा फोटो होता. वर फुग्यांची कमान, मध्ये सोनईच्या बागेतला थोरला पाळणा आणि खाली लाल अक्षरांत ‘चला, निरोप देऊ या! रविवारी अखेरच्या फेऱ्या. कूपन आजच घ्या.’ ग्रुपवर सगळ्यांनी रडके चेहरे टाकले आणि येतो असं एकानेही म्हटलं नाही. मीही एक चेहरा टाकून मोकळा होणार होतो, पण त्याआधी तो फोटो नगरकडच्या कर्जतला आईला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन आला.

“मला बसायचंय त्याच्यात,” ती म्हणाली. “मी कवा बसलेच न्हाई.”

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. गेल्या वीस वर्षांत तिने माझ्याकडे डोळ्यांच्या थेंबांपलीकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी शनिवारी दुपारीच पुण्याहून निघालो.

ज्यांना ही बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आईचं माहेर सोनई. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भाचरं तिकडे जमायचो आणि एक दिवस गावाबाहेरच्या बागेचा ठरलेला असायचा. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या घटकाभर थांबाव्यात म्हणून कुणीतरी हौसेने काढलेली ही बाग. दोन घसरगुंड्या, एक झुकझुकगाडी आणि बारा डब्यांचा तो पाळणा. आम्ही आठ-नऊ पोरं आळीपाळीने बसायचो. आई खाली लिंबाच्या झाडाखाली, पिशव्या, चपला आणि सगळ्यात धाकटं पोर सांभाळत. शेवटी कुणीतरी म्हणायचं की आता आक्काला बसू द्या. त्याच वेळी एखादं पोर भोकाड पसरायचं की मला अजून एकदा पाहिजे, आणि आई आपली फेरी त्याला देऊन टाकायची. हे भोकाड पसरणारं पोर बहुतेक वेळा मी असायचो. हे मी आज लिहितोय, पण त्या वयात मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जाण्याबद्दल दोन शब्द. पुण्याहून भिगवण, राशीनमार्गे कर्जत तीन-साडेतीन तास. कर्जतहून मिरजगाव, मग नगर. नगरात नाश्ता उरकून घ्यावा, पुढे मनासारखं काही मिळेलच असं नाही. इमामपूरचा घाट छोटा आहे, पण सध्या उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर पुढे लागले की दुसरा गिअर आणि देवाचं नाव एवढंच हातात राहतं. पांढरीच्या पुलाला आम्ही चहा घेतला. घोडेगावला डावीकडे वळलं की शिंगणापूर, आणि तसंच पुढे सोनई. आम्ही सातला निघून साडेदहाला पोचलो.

आईने ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून पदराला आतून दोन पिना लावल्या होत्या. घोडेगाव सोडल्यावर तिने विचारलं, “वर गेल्यावर डोळे मिटले तर चालतंय का?” मी म्हटलं, मिटायचे असतील तर खालीच बसून मीट की. ती हसली.

बाग ओळखू येत नव्हती. गेटवर कागदी फुलांची कमान होती. आत एक भिंत पांढरी रंगवून तिच्यावर ‘आठवणींची भिंत’ लिहिलेलं होतं आणि दोरीला स्केचपेन टांगले होते. पाळण्याच्या चित्राच्या कीचेन विकायला होत्या. फोटो काढायला थर्माकोलची चौकट होती. झुकझुकगाडीच्या जागी आधीच निळा खड्डा खणलेला होता, तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आणि रेन डान्स होणार आहे. प्रवेश शंभर रुपये, पाळण्याचं कूपन वेगळं. मॅनेजर तिशीतला, टाय लावलेला, बोलायला गोड माणूस. त्याने मला समजावून सांगितलं की सुटे भाग मिळत नाहीत, तपासणीवाले दर वर्षी नाक मुरडतात, विम्याचा माणूस तर पाळणा बघूनच मागे फिरतो.

“मग बंद करायचाच आहे तर निदान सेलिब्रेट करू, असं आम्ही ठरवलं,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. त्याचं सगळं खरं होतं. फक्त एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाजतगाजत दवाखान्यात न्यावं तसं काहीतरी तिथे चाललं होतं.

पाळण्यापाशी सोपानकाका होते. पाळणा उभा राहिल्यापासून तो चालवणारे हेच. वय सत्तरीचं, पांढरा सदरा, हाताला ग्रीस. त्यांनी आईकडे एकदाच पाहिलं.

“आक्का, तुमी लिंबाखालच्या. पिशव्या घेऊन बसायच्या. तुमी कधी बसल्या न्हाई.”

“आज बसनार हाय,” आई म्हणाली.

ते लगेच कामाला लागले. हा पाळणा कसा चालतो ते मला त्या दिवशी प्रथम कळलं. त्याला मोटर आहे, पण ती अशक्त. पाळणा खरा फिरतो तो वजनाच्या तोलावर. जेवढं ओझं एका डब्यात, तेवढंच बरोबर समोरच्या डब्यात बसवायचं. सोपानकाका येणाऱ्या माणसाकडे नुसतं बघायचे आणि कुठे बसवायचं ते ठरवायचे. कमी पडलं तर वाळूची पोती होती, पाच, दहा आणि वीस किलोची, ओळीने लावून ठेवलेली. नवरा-बायकोला ते शेजारी बसवायचे, पण जाडजूड भावांना कधीच नाही, त्यावरून भांडणं व्हायची, असं ते सांगत होते.

“आक्का पन्नास-बावन्न किलो. समोर तीन पोती टाकतो. आता ट्रायलची फेरी करायचीच हाय, बसा. मानसंबी न्हाईत, निवांत फिरवतो.”

आईने चप्पल काढलीसुद्धा.

आणि मी म्हटलं, “आत्ता नको.”

हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. मी म्हटलं की आत्ता ऊन डोक्यावर आहे, व्हिडिओ पांढराफटक येईल. मी आपल्या दोघांसाठी पाच वाजताच्या अखेरच्या फेरीची कूपनं घेतली आहेत. उतरतं ऊन, गर्दी, टाळ्या आणि पाळण्याच्या शेवटच्या फेरीत माझी आई पहिल्यांदा बसलेली. या ब्लॉगसाठी मी मथळासुद्धा ठरवून ठेवला होता.

सोपानकाका म्हणाले, “दोनदा बसतील की, काय बिघडतं?”

“मग पहिल्यांदाचं तोंड कसं मिळणार काका,” मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग चप्पल परत पायात घातली. “तू म्हनशील तसं,” ती म्हणाली. ट्रायलची फेरी पोती भरून झाली. पाळणा इतका हळू आणि सरळ फिरत होता की आम्ही दोघं मान वर करून बघतच राहिलो.

दुपारी लिंबाखाली भाकरी, शेंगांची चटणी आणि आईने आणलेली वांगी खाल्ली. कँटीन आहे, पण वडापाव थंड होता. आई आठवणींच्या भिंतीपाशी जाऊन लोकांनी लिहिलेलं वाचून आली. स्वतः काही लिहिलं नाही.

तीन वाजता सत्काराचा कार्यक्रम होता. आपल्याकडे कुठलीही गोष्ट सुरू करायची असो की संपवायची, स्टेज लागतंच. सोपानकाकांना हात धुवायला लावून, फेटा बांधून, स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. शाल, श्रीफळ तयार. पाहुणे यायचे होते. चार वाजले. पाहुणे शिंगणापूरला दर्शनाला थांबले होते. सव्वाचारला आले आणि मग प्रत्येकाचा सत्कार, प्रत्येकाचं मनोगत. चारच्या फेरीचे लोक कठड्याला टेकून शिट्ट्या मारायला लागले. त्यांच्यामागे पाचच्या फेरीचे आम्ही. आई कूपन हातात घट्ट धरून उभी.

मॅनेजर दोनदा स्टेजकडे बघून गेला. सत्कारमूर्तीला मधूनच उठवणं बरं दिसलं नसतं. शेवटी त्याने आपल्या दोन पोरांना सांगितलं, “कूपन नंबरने बसवून घ्या. एक ते चोवीस.”

पहिले दहा-बारा नंबर एका तालमीतल्या गड्यांनी एकगठ्ठा घेतलेले होते. त्यांच्यानंतरचे नंबर एका शिकवणीतल्या चौथी-पाचवीच्या पोरींचे. नंबराप्रमाणे डबे भरत गेले. एका अंगाला सगळे पैलवान आणि दुसऱ्या अंगाला सगळ्या पोरी. वाळूच्या पोत्यांना कुणी हात लावला नाही, ती कशासाठी आहेत हेच त्या पोरांना माहीत नव्हतं.

स्टेजवरून सोपानकाकांना ते दिसलं. ते उठले. दोन्ही हात वर करून ओरडायला लागले, “उतरवा, खाली घ्या त्यांना.” माइक पाहुण्यांच्या हातात होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं आणि दुसऱ्या माइकवरून म्हणाल्या, “काका भावुक झाले आहेत, जोरदार टाळ्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, व्हिडिओ चालू असलेला मोबाईल बगलेत धरून.

मोटर सुरू झाली. पाळणा अर्धाच वर गेला, पैलवानांची बाजू थरथरली आणि धाडकन खाली आली. मोटरचा पट्टा निसटला. मग मधल्या आसापाशी लोखंड तुटल्याचा आवाज झाला आणि पाळणा किंचित कलून थांबला. पोरी वर अडकून किंचाळत होत्या. सोपानकाका फेट्यासकट पळत आले, शिडी लावून स्वतः वर चढले आणि एकेकीला खाली काढलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळे उतरल्यावर त्यांनी आसाला हात लावून बघितलं आणि हात पुसले.

मॅनेजरने माइक घेतला. आपल्या सर्वांच्या साक्षीने पाळण्याने निरोप घेतला आहे, असं तो म्हणाला. पुढच्या फेऱ्यांचे पैसे गेटवर परत मिळतील, आणि खालच्या डब्यात बसून फोटो काढायची सोय केली आहे. पाच मिनिटांत तिथे रांग लागली. थांबलेल्या पाळण्यात बसून लोक हात वर करत होते.

“बस की आई, निदान फोटो,” मी म्हटलं. माझी मलाच लाज वाटली.

“हलत न्हाई त्यात काय बसायचं,” ती म्हणाली.

सोपानकाका आले. फेटा अजून डोक्यावरच होता, त्याचा शेमला ग्रीसने काळा झाला होता. “आक्का, मी तिथं बसायला नको हुतं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “वरडलो, पर कोनाला कळंना.”

“तुमचं काय चुकलं?” आई म्हणाली. “तुमी तर सकाळीच बसा म्हनला.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर घोडेगावच्या पुढे रसवंतीवर थांबलो. आई अर्धा ग्लास प्यायली. मी तिला सांगत होतो की पुण्याजवळ मोठमोठे पार्क आहेत, त्यांत काचेचे बंद डबे असतात, आतून गार हवा येते, पुढच्या महिन्यात जाऊ. ती म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’चा अर्थ मला चांगला कळतो. माहेर म्हणून सोनईत तिचं आता काहीच नाही. मामा गेले, घर विकलं, पोरं पांगली. तो पाळणाच तेवढा उभा होता आणि त्यात बसायचं तिच्या हिशेबी एक काम बाकी होतं. ते आता कुठल्याही काचेच्या डब्यात होणार नाही.

तुम्ही विचाराल, जावं का? बाग सुरू आहे, उन्हाळ्यापर्यंत पाण्याच्या घसरगुंड्या होतील म्हणतात. पाळणा सुटा करून भंगारात जाणार आहे, एक डबा मात्र गेटवर रंगवून ठेवणार आहेत. मॅनेजरने माझा व्हिडिओ मागितला. मी दिला नाही आणि इथेही टाकणार नाही. त्यात वीस सेकंद टाळ्या आहेत आणि मग तो आवाज आहे.

आठच्या सुमारास कर्जतला पोचलो. शेजारच्या सुमनकाकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. आई सोनईला पाळण्यात बसायला गेलीय हे शनिवारीच अख्ख्या आळीला कळलेलं होतं. मी डिकीतून पिशव्या काढत होतो.

“बसलीस का गं?” काकूंनी विचारलं.

“बसले की,” आई म्हणाली.

मी जागीच थांबलो.

“भ्या न्हाई वाटलं?”

“पयलं वाटलं. मग न्हाई.” आई ओट्यावर टेकली, पदराच्या पिना काढायला लागली. “लई उंच गेल्ता. फॅक्टरीचं धुराडं खाली दिसतं. मानसं मुंगीएवढी. आन् वर गेलं का पोटात गुदगुल्या हुत्यात, हसूच येतं.”

“आन् संजूबी बसला?”

“त्यानंच तर बसवलं मला,” आई म्हणाली.

धुराडं, मुंग्या आणि गुदगुल्या, हे सगळं मी तिला सांगितलेलं होतं. तिसरीत असताना, तिच्या वाटची फेरी मारून खाली आल्यावर, तिच्या मांडीवर बसून. तिने ते शब्दसुद्धा बदलले नव्हते.

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “नशीबवान हाय तुझी आई.” मी मान हलवली आणि पिशव्या घेऊन आत गेलो.