मारामारी कोणत्या आवृत्तीवर?

न वाचता कोणत्याही करारास मान्यता द्यायची नाही, हा नियम मी दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत आयुष्यभर पाळला. निवृत्तीनंतर तो सुटेल असे घरच्यांना वाटले असेल, तर तो त्यांचा गैरसमज.

नातीसाठी घेतलेले गेम खेळण्याचे यंत्र माझ्या नावावर आहे. टीव्हीला जोडून ती त्यावर मारामारीचा एक खेळ खेळते: दोन खेळाडू, दोन पात्रे, एक आडवे होईपर्यंत. या खेळाची सोलापुरात स्पर्धा जाहीर झाली. विजेत्याला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार होता, आणि नातीचा सारा जीव त्या प्रवेशात अडकला होता.

स्पर्धेची सूचना निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने खेळाची सुधारित आवृत्ती काढली. पडद्यावर प्रश्न उमटला: नव्या अटी मान्य आहेत काय? मी चष्मा पुसून त्या अटी अथपासून इतिपर्यंत वाचल्या. त्यांत एक कलम असे की, कंपनी पूर्वसूचना न देता कोणतीही अट बदलू शकेल. हा करार नव्हे, ही दांडगाई! मी हरकतीचे पत्र धाडले, मग स्मरणपत्र. 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे,' एवढेच उत्तर आले. सबब, समाधानकारक खुलासा येईपर्यंत मान्यतेचे बटण दाबायचे नाही, असा मी घरात हुकूम काढला. घरचा खेळ जुन्याच आवृत्तीवर राहिला.

"आबा, स्पर्धा नव्या व्हर्जनवर झाली तर?" नातीने विचारले.

"होऊच शकत नाही. सूचना आधीची आहे."

स्पर्धा आमच्या विहाराशेजारच्या सभागृहात होती. नातीने तिथल्या यंत्रावर हात चालवून पाहिला आणि रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"आबा, माझी लाथ गेली."

"कुठे गेली?"

"नव्या व्हर्जनमध्ये कमी केलीय. मागं सरून मारली की लागतच नाही."

मी तडक आयोजकापुढे उभा राहिलो. हा मंद्रूपचा तरुण, शहरात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो.

"सूचनेच्या दिवशी जी आवृत्ती अस्तित्वात होती, तीच लागू. दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू करायची तर तसे स्पष्ट लिहावे लागते. लिहिले आहे काय?"

"आजोबा, ह्यो गेम हाय, कोर्ट न्हाय."

"नियम आहेत, निकाल आहे, बक्षीस आहे. मग आणखी काय हवे कोर्टाला? पंखा?"

मागून पोरे ओरडली, "मतदान घ्या की!" मी त्यांना सुनावले की, नियम आधी ठरतात आणि मतदान त्यांप्रमाणे होते.

तेवढ्यात एका शाळेत गणित शिकवणारे तिशीतले सर पुढे आले. तेही स्पर्धक होते. "आजोबांचा मुद्दा अगदी कायदेशीर आहे," ते म्हणाले, "जुन्यावरच घ्या." शिक्षकवर्गात विवेक शिल्लक आहे, याचे मला समाधान वाटले.

आयोजकाने कपाळावर हात मारला, इंटरनेट तोडले आणि मूळ डिस्कवरून सर्व यंत्रांत खेळ नव्याने भरला. तोवर चहा झाला. "आजोबा, पुढच्या टायमाला काळा कोट घालूनच या," असा टोमणाही झाला.

नातीची लाथ परत आली. एकामागून एक प्रतिस्पर्धी आडवे करीत ती अंतिम फेरीत पोहोचली. समोर गणिताचे सर.

सरांनी एक जाडा पैलवान निवडला, जो दिवसभर कोणी घेतला नव्हता. त्याने नातीच्या लाल पोशाखातल्या बाईला कोपऱ्यात रेटले आणि गुडघा हाणला. ती उठू लागली, की गुडघा. पुन्हा उठू लागली, की पुन्हा गुडघा. नात सगळी बटणे दाबत होती. बाई उठतच नव्हती.

"हा काय प्रकार आहे?" मी आयोजकाला विचारले.

"हेच मोडायला तर कंपनीनं नवं व्हर्जन काढलं! जुन्यात कोपऱ्यात गावला की सुटका न्हाय. तुमी वाचलं न्हाय व्हय?"

अटी मी वाचल्या होत्या. दुरुस्तीची कारणे कंपनीने निराळ्या पानावर, निराळ्या बटणामागे ठेवली होती. विधेयकाला उद्देश आणि कारणे जोडलेली असतात, ती काय शोभेसाठी? या सदोष मांडणीबद्दल मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे.

मी उभा राहिलो. "हरकत आहे!"

पडद्यावरची नजर न हलवता नात म्हणाली, "आबा, बसा. नियम तुम्हीच लावून घेतलाय."

मी बसलो. बाई शेवटची कोसळली.

"आजोबा, तुमचे फार उपकार झाले," सर हात जोडून म्हणाले. त्यांत उपरोध नव्हता, म्हणून मला अधिकच संताप आला.

नातीने डोळे पुसले आणि ती पुन्हा खुर्ची ओढून बसली. "सर, तो गुडघा कसा लावता, दाखवा की."

सरांनी दाखवला. मग तिने पैलवान घेतला, सरांना कोपऱ्यात गाठले आणि सभागृहाची झाडलोट सुरू झाली तरी सोडले नाही. मी तिची पिशवी धरून उभा होतो. सूचनेच्या तारखेबाबतचा माझा मुद्दा आजही बरोबर आहे. पुण्याला मात्र सर गेले.