मटार सोलताना दुरुस्त झालेला इतिहास

कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि धायरीला घरी आले की सासऱ्यांकडून शिकते. माझ्या नोट्समध्ये वर्षानुवर्षं एक ठसठशीत वाक्य होतं: ‘सुरुवातीच्या अमेरिकेत जमीन भरपूर होती आणि मजूर कमी, म्हणून जमीनदार गुलामांवर अवलंबून राहिले.’ एका रविवारी मटार सोलताना मी ते मोठ्यानं वाचलं.

सासऱ्यांनी हयातभर शेती केली. आमची बिल्डिंग त्यांच्याच रानात उभी आहे. ते म्हणाले, “मजूर आमच्याकडं तरी कुठं व्हते? आम्ही सावड करायचो. आज सगळे माझ्या रानात, उद्या सगळे तुझ्या. त्यांनी का नाय केली?”

“अहो मामा, त्यांना मैलोन्मैल तंबाखू लावायचा होता, विकायला. आधी करारावर माणसं आणली होती, पण मुदत संपली की ती स्वतःची जमीन करायला निघून जायची.”

“म्हंजी माणसं व्हती. थांबत नव्हती, एवढंच. आन् सावडीत मालकालाबी दुसऱ्याच्या रानात वाकावं लागतं.” त्यांनी शेंगांचा आणखी एक ढीग माझ्यापुढे सरकवला. “तुझं वाक्य लई सभ्य हाय, सूनबाई.”

मला रागच आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मटार संपल्यावर मी ‘मजूर कमी’ खोडलं आणि लिहिलं, ‘ज्यांना निघून जाता येणार नाही, अशी माणसं जमीनदारांना हवी होती.’

जुनं वाक्य मुलं मान खाली घालून उतरवून घ्यायची. हे सांगितलं की आधी वर बघतात.