काळ्या लेपाखालचं लोखंड

रोझेर मिशोचा मिठावर राग होता. ताटातल्या नव्हे, रस्त्यावरच्या. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तरेला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथं, बर्फ वितळावा म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ पडतं. पूर्वी कोरडं पडायचं, आता बर्फाच्या आदल्या दिवशीच टाकीतून मिठाचं पाणी शिंपडत जातात. रोझेरनं स्वतः अठ्ठावीस वर्षं बर्फ हटवणारी सरकारी गाडी चालवली होती, त्यामुळे ते पाणी गाडीखाली कुठं कुठं शिरून लोखंड गंजवतं हे त्याला तोंडपाठ होतं. "कोरडं मीठ चोरासारखं येतं," तो म्हणायचा, "हे पाणी जावयासारखं येतं. एकदा आलं की हलत नाही."

त्याची हिरवी पिकअप चौदा वर्षांची होती. बायको गेल्यापासून तो गावापासून सात मैल आत, कच्च्या रस्त्याच्या टोकाला एकटाच राहायचा. मुलगी लिझेट दूर कनेटिकटला. तिनं एकदाच, पण ठासून सांगितलं होतं, "बाबा, गाडी चालतेय तोवर तिथं राहा. गाडी बसली की माझ्याकडे यायचं. नवी घ्यायची ऐपत नाही, आणि गाडीशिवाय त्या रानात मी तुम्हाला ठेवणार नाही." तेव्हापासून गाडीखालचं लोखंड आणि रोझेरचं घर यांचं नशीब एकच झालं.

म्हणून तो कुणावरही भरवसा ठेवत नसे. बटाट्याची काढणी संपली की गाडी दोन लाकडी घोड्यांवर चढवून तो स्वतः खाली झोपायचा. करवतीच्या साखळीचं चिकट तेल आणि लोकरीची चरबी यांचं मिश्रण चुलीवर कोमट करायचं आणि फवाऱ्यानं चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळीत, दारांच्या पोटात, ब्रेकच्या नळ्यांवर मारायचं. मग लगेच रिकाम्या शेतांमधल्या मातीच्या वाटेनं गाडी दोन फेऱ्या पिटाळायची. तेलावर धूळ बसली की तिची साय धरते, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. विकतचे फवारे मारणाऱ्यांवर त्याचा संशय होता: "दिसतं तिथं मारतात, गंजतं तिथं मारत नाहीत." गाडी धुणाऱ्या केंद्रावर तर त्याहून जास्त: "तेच पाणी गाळून पुन्हा मारतात. मिठानंच मीठ धुतात लेकाचे!"

आणि सगळ्यात जास्त संशय होता भाच्यावर. रेनल सीर हा त्याच्या बहिणीचा मुलगा. गावात त्याचं गॅरेज होतं, आणि वर्षातून एकदा गाडी तपासून काचेवर पास झाल्याचा सरकारी स्टिकर लावायचा अधिकार त्याच्याकडे होता; त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नसे. चार वर्षांपूर्वी तो सहज म्हणाला होता, "मामा, विकायची झाली तर मला सांगा हं." बस्स. खोट काढून गाडी स्वस्तात लाटायचा याचा डाव, असं रोझेरनं धरलं, आणि तेव्हापासून दरवर्षी गाडी लिफ्टवर चढली की तो खाली उभा राहून गंज तपासायच्या हातोड्याचा एकेक ठोका मोजायचा. "हळू, रेनल! तपासतोयस की फोडतोयस?"

यंदा ऑक्टोबरात तो गॅरेजमध्ये शिरला तेव्हा रेनल फोनवर होता. मामाला पाहून त्यानं "बरं, ठेवतो" म्हणत फोन खिशात टाकला. रोझेरच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"कोण होतं?"

"लिझेट."

"अस्सं. माझी मुलगी मला आठवड्यातून एकदा फोन करते. तुला बरी करते!"

"गाडी वर घेऊ की माझी जबानी घेणार?"

गाडी वर गेली. धुळीची तपकिरी साय खालून एकसारखी दिसत होती. रेनलचा हातोडा पुढून मागे येत गेला. टण्ण. टण्ण. घंटेसारखा आवाज. रोझेरचा चेहरा सैल होऊ लागला. मग डाव्या बाजूच्या मागच्या चाकाजवळ, जिथं स्प्रिंगचे पाटे चेसीला टांगलेले असतात, तिथं रेनल थांबला. तिथं तेल नव्हतं, डांबरासारखा जाड काळा लेप होता.

"त्याला हात लावू नकोस," रोझेर म्हणाला. "ते माझं काम आहे. गाडी घेतली त्या पहिल्याच वसंतात केलेलं. तीन थर. दगड आहे दगड."

"इथं कधी ठोकून पाहिलंत?"

"लेप फुटेल म्हणून नाही ठोकलं."

"फुगलाय तो, मामा."

"तुला फुगलेला दिसणारच. लिझेटनं सांगितलं असेल ना, यंदा काहीतरी खोट काढ म्हणून?"

रेनलनं हातोडा खाली केला. त्याचे कान लाल झाले होते. "ती म्हणाली, खोट असेल तर बाबांपासून लपवू नकोस. आणि नसेल तर उगाच काढू नकोस. झालं समाधान? हा घ्या हातोडा, तुम्हीच मारा. नंतर म्हणू नका, रेनलनं भोक पाडलं."

रोझेरनं हातोडा घेतला. मारला. टण्ण नाही आलं. भिजल्या लाकडावर मारावं तसा थप्प आवाज आला आणि हातोड्याचं टोक आत गेलं. लेपाचा तुकडा सालीसारखा लोंबला आणि मागून तांबड्या लोखंडाचे पापुद्रे त्याच्या बाहीवर सांडले.

त्यानं एक पापुद्रा चिमटीत धरला, त्याची भुकटी झाली.

"लावण्याआधी धुतलं होतं ना?" रेनलनं हळूच विचारलं.

रोझेरला तो मार्च आठवला. धुणाऱ्यांच्या पाण्यावर भरवसा नाही, म्हणून त्यानं नुसतं कोरड्या फडक्यानं पुसलं होतं. हिवाळाभराचं मीठ आत ठेवून वरून तीन थरांचं झाकण त्यानं स्वतःच्या हातानं लावलं होतं. मग तेरा वर्षं तेलही तिथं पोचलं नाही. साऱ्या जगावर नजर ठेवली आणि तेवढीच जागा आपली म्हणून सोडून दिली.

"पुसलं होतं," तो म्हणाला.

रेनलनं टॉर्च मारून पाहिलं. "एवढंच असेल तर कापून पट्टी वेल्ड करता येईल. पुढचं-मागचं लोखंड चांगलं आहे. आणखी कुठं लावलंय का हे? दोन्हीकडे गेलं असेल, तर मात्र मी हात लावणार नाही. स्टिकर विसरा."

उजव्या बाजूला स्टेपनीचं चाक टांगलेलं होतं. त्याच्या आड काय आहे ते रोझेर सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर बटाट्याचा ट्रक घरघरत गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत तो बाहीवरचे पापुद्रे झटकत राहिला.

"चाक काढ," शेवटी तो म्हणाला. "त्याच्यामागेही आहे."

चाक निघालं. काळा लेप तसाच, दगडासारखा. रोझेरनं रेनलच्या हातातली खरवडणी ओढून घेतली आणि आपलंच काम स्वतः सोलायला लागला. अर्धा तास लेपाचे तुकडे खाली पडत राहिले. खाली लोखंड लागलं: काळपट, ठिपके पडलेलं, पण सलग. त्यानं हातोडा मारला. टण्ण.

रेनल हसला. "सुटलात, मामा."

रोझेर हसला नाही. त्यानं पुन्हा मारला, कान लावून ऐकलं, आणि हातोडा भाच्याकडे केला.

"तू मार. माझा मला भरवसा नाही."

रेनलनं मारला. टण्ण.

"जोरात मार," रोझेर म्हणाला.