बैलाचा भाव ही बातमी आहे का?

रूपराव साळ्याच्या लग्नाला अमरावतीकडे गेले आणि जाताना आपल्या 'हाक' साप्ताहिकाचा एक अंक प्रभाकर गुरुजींच्या गळ्यात टाकून गेले. माणसाने लग्नाला जरूर जावे, पण मागे छापखान्यात कवीला मोकळा सोडून जाऊ नये.

प्रभाकरराव आष्टीच्या शाळेत मराठी शिकवत. तसा निरुपद्रवी माणूस. संध्याकाळी रूपरावांच्या छापखान्यात यायचे, मुद्रितं तपासायची, चहा प्यायचा, घरी जायचे. पण त्या आठवड्यात 'हाक'ची चारही पानं एकट्याच्या ताब्यात आली आणि त्यांच्या मनाने उचल खाल्ली. एक पान बैलबाजाराच्या भावांना, अर्धं हरवलेल्या म्हशींना, उरलेलं कोणत्या गावी डॉक्टर आला नाही आणि कुठली एस. टी. बंद पडली त्याला! मग साहित्याने जायचं कुठे? त्यांनी बैल काढले, म्हशी हाकलल्या, आधीच गैरहजर असलेल्या डॉक्टरला पुन्हा एकदा गैरहजर केलं आणि चारही पानांत स्वतःचा वसंत फुलवला. वर ठसठशीत अक्षरांत छापलं, 'काव्य विशेषांक'.

पोस्टाच्या वरच्या कचेरीने तपासणीसाठी उचलला तो नेमका हाच अंक.

नोटीस आली तेव्हा रूपराव लग्नाहून परतले होते. तिच्यात लिहिलं होतं की सदर प्रकाशन मुख्यत्वे बातम्यांचे दिसत नाही, सबब वृत्तपत्र म्हणून केलेली नोंदणी रद्द का करू नये, याचा खुलासा समक्ष येऊन करावा.

"आठ दिवस गेलतो ना जी मी!" रूपराव म्हणाले. "आठ दिवसांत माह्या पेपरचं कीर्तन करून टाकलं तुमी?"

"रूपराव, कविता म्हणजे..."

"कविता राहू द्या. घरी लोक पाट्यावर वाटण वाटते, तशी तुमी माही नोंदणी वाटली."

ही नोंदणी म्हणजे काय चीज होती, हे ज्याने छोटं साप्ताहिक चालवलं त्यालाच कळेल. नोंदलेल्या वृत्तपत्राला पोस्ट चिल्लरीत घरपोच नेतं. तेच साधं छापील पाकीट म्हणून टाकलं, तर तिकिटाचा खर्च अंकाच्या किमतीच्या मानगुटीवर बसतो. पण ती सवलत मिळवायची तर ग्राहक खरेखुरे हवेत, भाच्या-पुतण्यांची नावं चालत नाहीत. अंक ठरल्या वारी, ठरल्या पोस्टातच टाकायचा. वेष्टण दोन्ही बाजूंनी उघडं हवं, म्हणजे आत कोणी चिठ्ठी कोंबली तर साहेबाला दिसावी. नोंदणी क्रमांक पहिल्या पानावर हवा. आणि मजकूर प्रामुख्याने बातम्यांचा हवा. रूपरावांनी हे सगळं शेतातली कामं सांभाळून पाळलं होतं. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई तर कागदाची पट्टी अंकाच्या मधोमध अशी चिकटवत, की दोन्हीकडून वारा आरपार जावा. एवढं करून आता विचारत होते, की हे वृत्तपत्र आहे कशावरून?

आणि विचारत कोणाला होते? मुंबईचे जाडजूड पेपर साबणाच्या आणि सिनेमाच्या जाहिरातींनी फुगून यायचे. मधे कुठेतरी एखादी बातमी अंग चोरून बसलेली असायची. त्यांना कोणी विचारत नव्हतं. चार पानांच्या 'हाक'ने मात्र खुलासा द्यायचा. प्रभाकररावांचं रक्त उकळलं. अर्थात आपल्याच कवितांमुळे हे घडलं, हे आठवून ते लगेच थोडं निवालंही.

सवलत गेली तर पेपर बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून सुनावणीला दोघेही निघाले. एस. टी.त रूपरावांनी मांडीवर जुन्या अंकांचा गठ्ठा धरला होता आणि ते खिडकीबाहेर बघत अख्ख्या पोस्टखात्याला वऱ्हाडीतून खुलासा देत होते.

कचेरीतले साहेब पुण्याकडचे. स्वच्छ, सौम्य, कपाळावर आठी. त्यांनी काव्य विशेषांक दोन बोटांत धरला.

"यात बातमी कुठे आहे?"

"त्याच्यात नाई साहेब," रूपराव म्हणाले. "तो अंक म्हणजे अपघात हाय. अपघात करणारा सोबत आणला हाय मी."

प्रभाकरराव उभे राहिले, नमस्कार करून खाली बसले. गुन्हेगाराने कसं वागावं याचा त्यांना सराव नव्हता.

"बरं. पण हे बाकीचे अंक?" साहेबांनी गठ्ठा उलगडला. "खोंडाचा भाव. गोऱ्ह्याचा भाव. अमक्याची म्हैस सापडली. याला बातमी म्हणायचं?"

"काऊन नाई म्हनाचं?"

"अहो, आष्टीच्या बैलाचा भाव कोणाला हवा आहे?"

"ज्याले बैल घ्याचा हाय त्याले!" रूपरावांचा आवाज चढला. "दिल्लीत मंत्र्यानं फीत कापली, ते तुमच्यासाठी बातमी. त्या फितीनं आमच्या शेतात औत चालते का? बैल महाग झाला तर मानूस पेरणीले लटकते. ज्याच्यावाचून मानसाचं अडते अन् जे त्याले ठाऊक नाई, ते बातमी. दुसरी कोनती असते, सांगा बरं!"

"हे तुमचं मत झालं. पुरावा काय?"

रूपरावांनी गठ्ठ्यातून एक अंक ओढून टेबलावर ठेवला. अंकाची दशा बघण्यासारखी होती. वर चहाच्या कपाचा गोल, कोपऱ्यात बिडीने पडलेलं भोक, मधल्या घडीत सुपारीचा चुरा.

"हा पुरावा. आमच्या एका ग्राहकानं भर बाजारात माह्या तोंडावर फेकला. म्हने, पेपर दर खेपेले दोन दिवस उशिरा येते, अन् असा येते. मी चवकशी केली साहेब. त्याच्या गावचा तुमचा पोस्टमास्तर वेष्टनातून अंक काढते, पोस्टाच्या ओट्यावर बसते, अन् अख्ख्या गावाले वाचून दाखवते. बैलाचा भाव तर दोनदा वाचाले लावते लोक. मंग घडी करून परत सरकवते. दोन्ही बाजू उघड्या ठेवाचा कायदा तुमचाच! आता सांगा, याच्यात बातमी नाई, तर तुमचा मानूस काहाले काढून वाचते?"

प्रभाकररावांना टाळी वाजवावीशी वाटली. साहेब मात्र ताठ झाले. त्यांनी दौत पुढे ओढली.

"ग्राहकाचा अंक उघडून वाचतो? गंभीर आहे हे. गाव कोणतं? नाव द्या त्याचं. मी चौकशी लावतो, त्याचा जबाब घेतो. जबाबात त्याने वाचतो म्हणून कबूल केलं, की तुमचं काम झालंच समजा. नोंदणी कायम."

एवढं सोपं! प्रभाकररावांनी रूपरावांकडे पाहिलं. रूपराव वरच्या पंख्याकडे बघत होते.

"नाव नाई सांगत."

"मग मी हे धरू कसं?"

"नका धरू."

"रूपराव," गुरुजी कुजबुजले, "अहो, पेपर जाईल."

"तुमी बसा जी गुमान. तुमी लय बोलले चार पानं."

साहेबांनी तो डागाळलेला अंक स्वतःच उलटापालटा केला, बहुधा गावाचा पत्ता शोधायला. पत्त्याची पट्टी रूपरावांनी आधीच फाडली होती. साहेबांची बोटं आतल्या पानावर थांबली. ते वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? नदीकाठच्या वस्तीवरची टपालपेटी पोळ्यापासून फुटकी, आत चिमण्यांचं घरटं, लोक पत्रं टाकतात आणि पिल्लं त्यांवर..." त्यांनी पुढचं वाचलं नाही. "हे खरं आहे?"

"चला, दाखवतो."

"मग आम्हाला कळवलं का नाही?"

"छापलं ना! अजून कसं कळवाचं असते? तुमाले ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालं. याले काय म्हंते तुमच्या कायद्यात?"

साहेबांनी गठ्ठा स्वतःकडे घेतला. मग एकेक करत त्यांनी गठ्ठ्यातले सगळे अंक वाचले. आम्ही सवलत देतो म्हणजे मेहेरबानी करतो, या थाटात बसलेला माणूस हळूहळू पुढे वाकला आणि शेवटी म्हशीच्या बातमीला चक्क हसला. त्याने शेरा लिहिला की इतर अंकांतील मजकूर प्रामुख्याने बातम्यांचा आढळला, नोंदणी कायम ठेवावी. फक्त विशेषांकाच्या टपालाचा फरक प्रकाशकाने भरावा. तो फरक प्रभाकररावांनी आपल्या खिशातून भरला. मराठी कवितेसाठी खिशातून पैसे गेल्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

परतीच्या एस. टी.त रूपराव जिंकल्यासारखे दिसत नव्हते. "बैलाचा भाव कोनाले हवा म्हने!" ते मधूनच उसळत होते आणि पुढच्या बाकावरची अनोळखी बाई दचकून मागे बघत होती.

आर्वी मागे पडली तेव्हा गुरुजींनी धीर केला.

"रूपराव, एक विचारू? पेपर जायची वेळ आली होती. त्या पोस्टमास्तराचं नाव का नाही सांगितलंत?"

रूपरावांनी मांडीवरचा गठ्ठा सारखा केला आणि म्हणाले, "त्याले काढलं असतं, मंग त्या गावात माहा पेपर वाचला कोनं असता, तुमी?"