दोन घरचे पापड राहिलेत

परदेशात स्वयंसेवा करायला म्हणून निघाले आणि पोचले महाराष्ट्रात. तेहतीस वर्षं लेस्टरला काढली, पासपोर्ट तिकडचा झाला, त्यामुळे संस्थेच्या कागदावर भारत हा माझ्यासाठी परदेश. निवृत्त झाल्यावर खिडकीत बसून पाऊस बघायचा नव्हता, म्हणून नाव नोंदवलं. मराठी येतं म्हटल्यावर त्यांनी मला खानदेशात टाकलं. मी मूळची कोल्हापूरची. खानदेश नेमका कुठे सुरू होतो हेही मला धड ठाऊक नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला विमानतळावर सोडताना लेकानं विचारलं, "आई, तिथला उन्हाळा झेपेल का तुला?" असं कोणी विचारलं की मला ती गोष्ट करावीच लागते.

पहिले दोन दिवस धुळ्यात प्रशिक्षण होतं. हातात नियमांची वही मिळाली. लोकांच्या घरी खायचं नाही, भेट घ्यायची नाही, त्यांची घरकामं करायची नाहीत, त्यांच्याकडून आपलं काम करून घ्यायचं नाही. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वयंसेवक देतो, घेत नाही.' वाक्य मला तेव्हा भारी वाटलं होतं, हे खरंच सांगते.

संध्याकाळी एका खानावळीत शेवभाजी मागवली. वाढपी म्हणाला, "तिखट राहील, मावशी." मी म्हटलं, "कोल्हापूरची आहे मी. तिखटाचं मला सांगू नका." तिसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. त्यानं ताकाचा ग्लास आणून ठेवला आणि पाठ फिरवून हसला. ताट मात्र मी पुसून खाल्लं, हट्टानं.

सकाळी बसस्थानकावर फलाटच कळेना. शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं माझी बॅग निरखली आणि विचारलं, "तुले कोठे जानं शे, माय?"

"जळगावला."

"जळगावनी गाडी तठे लागस (तिथे लागते)." असं म्हणून ती माझ्याआधी उठली, गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली. तिला स्वतःला जायचं होतं साक्रीला. मी आभार मानले, तर तिनं हातानंच माशी वारावी तसे ते उडवून लावले.

जळगावहून असोदा जवळच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घडांनी लदलेले ट्रक, आणि मोटारसायकलवर एकावर एक बसलेली अख्खी कुटुंबं. एका निवृत्त गुरुजींच्या माडीवर माझी खोली होती. शाळेच्या एका वर्गात रोज दुपारी दोन वाजता गावातल्या बायांना आहाराचे आणि स्वच्छतेचे धडे द्यायचे, हे माझं काम. तक्ते टांगले, खडू ठेवले, साबणाच्या वड्या मांडल्या. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक शेळी आली. आठवडाभर मी भिंतींना हात कसे धुवायचे ते शिकवलं.

मग मीच उठले आणि बाया होत्या तिथे गेले. त्या सिंधूअक्काच्या ओसरीवर होत्या. अक्का सत्तरीच्या घरातली, केळी आणि कापूस करणाऱ्या घरातली कर्ती बाई. उडदाच्या पापडांचे दिवस होते. चार-पाच जणी गोल बसून लाटत होत्या, अक्काची सून मनीषा लाटलेले पापड आत नेऊन बाजेवर पसरत होती. अक्कानं वर पाहिलं.

"लाटता येते का तुले?"

"येतं की."

"मंग बस. उभी कायले?"

बसले. तासाभरानं अक्कानं पिठाची एक लाटी तेलात बुडवून माझ्यापुढे धरली. वहीतला नियम आठवला. लाटी खाल्ली. उडदाचा तो चिवट, मिऱ्यांचा झणका लागला आणि मी दुसरी मागून घेतली.

अक्काचं धरून तीन आठवड्यांत मी चार घरी लाटलं. दुपारी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा खाल्ला, केळीच्या बागेचं पाणी कधी कोणाकडे येतं ते ऐकलं, कोणाच्या सुनेला बाळंतपणात रक्त कमी आहे ते कळलं, तिला काय खायला घालायचं ते तिथंच सांगितलं. तक्त्याची गरज पडली नाही. आणि प्रत्येक घरातून उठताना, कोणी "तुहं काय?" असं विचारलं की मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, "मला काही नको. मी स्वयंसेवक आहे."

चौथ्या घरी मी हे बोलले आणि अक्काचं लाटणं थांबलं.

"काही नको म्हंजे?"

"म्हणजे मी असंच करते, अक्का. मदत म्हणून."

"मदत आमी मागतली का?" तिचा आवाज चढला नव्हता, पण बाकीची लाटणीही थांबली. "माह्या घरी तू लाटलं, तं मी तुह्या घरी लाटीन. असंच चालते इथी. फुकट लाटून तू मोठी व्हशील अन् आमी लहान. ते नही चालायचं."

माझे कान तापले. इतके दिवस मी स्वतःला त्यांच्यातली समजत होते आणि दर घरी त्यांचा अपमान करून उठत होते. त्या माझ्याकडून घेतलेलं फेडायची वाट बघत होत्या, आणि मी त्यांना ती संधीच देत नव्हते.

"शुक्रवारी तुह्या घरी," अक्का म्हणाली. "पीठ दळून आन."

शुक्रवारी अकरा वाजता संस्थेच्या नेहा मॅडम पाहणीला येणार होत्या. तसं पत्र आलं होतं. अक्काला सांगितलं असतं तर तिनं दिवस बदललाही असता. मी सांगितलं नाही. सरळ डाळ घेतली आणि गिरणीवर गेले.

गुरुवारी पीठ भिजवलं ते सैल झालं. मनीषानं त्यात बोट घालून पाहिलं. "मावशी, हे पापडाचं पीठ व्हय का कढी?" तिनं आणखी पीठ घातलं, घट्ट मळलं आणि तेलाचा हात लावून पाट्यावर कुटायला मला बसवलं. खांदे भरून आले. तिला दया आली नाही.

शुक्रवारी सकाळी सहालाच जिन्यावर बांगड्या वाजल्या. पोळपाट काखेत मारून सहा जणी आल्या. मी चार घरी लाटलं होतं, त्या चार घरच्या चौघी. पाचवी खालची गुरुजींची बायको. सहावी मनीषाची आई, ती खास यावलहून आदल्या संध्याकाळची बस धरून आली होती. मी चहा टाकला.

अकराला नेहा मॅडम आल्या. तिशीतली मुलगी, उन्हानं लाल झालेली, हातात फाईल.

"मावशी, वर्ग कुठे आहे?"

"हा काय."

"हे पापड... तुमचे?"

"माझे."

तिनं आवाज खाली आणला. "लाभार्थींकडून काम करून घेता येत नाही. मला लिहावं लागेल."

अक्कानं तेवढ्यात तेलात बुडवलेली लाटी तिच्यापुढे धरली. "उनातून आली, पोरी. खाय."

"नको, मला परवानगी नाही." अक्काचा हात तसाच पुढे राहिला. ते मला सहन झालं नाही.

"नेहा," मी म्हटलं, "लाटी घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव. पण यांना लाभार्थी म्हणायचं असेल तर खाली जाऊन म्हण. माझ्या माडीवर नको."

तिनं फाईल उघडली. झाल्या चुकीबद्दल खेद आहे, असं लिहून सही करा, म्हणजे पुढच्या वर्षीही नाव राहील, असं तिनं अगदी सौम्यपणे सांगितलं. मी कागद घेतला. खेद लिहिला नाही. 'लाभार्थींची संख्या' या रकान्यात 'एक' लिहिलं आणि पुढे माझं स्वतःचं नाव घातलं. सही झोकात केली. कागदावर तेलाचं बोट उमटलं, ते पुसलं नाही.

नेहानं फाईल मिटली. जाताना तिनं अक्काच्या हातातली लाटी घेतली आणि जिन्याच्या वळणावर तोंडात टाकली.

मुदत संपली तेव्हा अक्का डबा घेऊन जळगावच्या बसपर्यंत आली. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीतून म्हणाली, "चार घरी लाटलं तू, अन् आल्या सहा जनी. दोन घरचं राह्यलं तुह्याकडं. एक इथलं, एक यावलचं."

"फेडीन, अक्का."

"ते तं फेडाच लागते," ती म्हणाली आणि बस निघायच्या आधीच वळून चालू लागली.

लेस्टरला घरी आले तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. डब्यातला पहिला पापड गॅसवर भाजला, तर धुराची घंटा ठणाणा वाजायला लागली. वाजू दिली. महिन्याभरानं संस्थेचं पत्र आलं. केल्या कामाबद्दल आभार मानले होते आणि पुढच्या यादीत माझं नाव नसल्याचं कळवलं होतं. ते वाचून राग आला, नाही म्हणत नाही. पण वाईट वाटलं नाही. 'देतो, घेत नाही' म्हणणाऱ्यांच्या यादीत मला आता बसायचंच नाही. ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही, त्याला आपण माणसात धरत नाही, हे मला साठीला आल्यावर एका ओसरीवर कळलं.

मार्चचं तिकीट काढलं. लेक पापड खात होता. त्यानं विचारलं, "आता कोण पाठवतंय तुला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "दोन घरचे पापड राहिलेत."