फटफटीला मोठा आवाज

मुलगा गेला तेव्हा बायको रडली नाही. तान्हा होता, तापानं गेला. आमच्याकडे अशा वेळी गावच्या बाया येऊन गळ्यात पडतात, मोठ्यानं हेल काढतात आणि घरचीला रडवूनच उठतात. न रडलेलं दुःख उरात दगड होऊन बसतं म्हणतात. बायांनी हिच्यासाठी घसे कोरडे करून घेतले. ही चुलीकडे बघत बसली. मग बोलणंही थांबलं. काही विचारलं तर मान हलवायची, वेळेवर भाकरी थापायची आणि माझ्यासमोर ताट सरकवायची.

मलाही काही वाटत नव्हतं, हे सांगून टाकतो. निजामी नुकतीच गेली होती. मी मानवतच्या एका जिनिंगसाठी गावोगाव कापूस बघत फिरायचो. त्यासाठी लष्कराच्या मोडीतली एक फटफटी मिळवली होती. दिवसभर कापूस चिवडायचो आणि संध्याकाळी कोणत्या गावाहून आलो तेही आठवत नसायचं.

शेजारच्या मेंढरंवाल्या म्हातारीनं एकदा तान्हा नातू कडेवर घेऊन मला अडवलं.

"धसक्यानं बसलेली वाचा हाय बाबा, धसक्यानंच सुटल. आमी परातीबी बडवून बघितल्या, ती पापणी हलवंना. लय मोठा आवाज कर कायतरी."

दुसरा कोणी असता तर डॉक्टर गाठला असता. मी परभणीला मिस्त्रीकडे गेलो आणि फटफटीचा आवाज वाढवून मागितला.

"इत्ता आवाज कायकू होना साब?" मिस्त्री हसला. "बारात है क्या?"

"होना," मी म्हणालो.

त्यानं आधी माझ्याच सायलेन्सरमधली जाळी काढून गाडी सुरू केली. आवाज फाटका निघाला. मग एका मोडक्या लॉरीचा पाइप कापून जोडला. तो घागरीत तोंड घालून ओरडल्यासारखा घुमला. शेवटी पायामागेच संपणारी आखूड, मोकळी नळी लावली, तेव्हा समोरच्या टांग्याचं घोडं उधळलं आणि टांगेवाल्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. मिस्त्री प्रत्येक वेळी कान पुढे करून रंगात येऊन ऐकत होता. मला फरक कळत होता, आवडनिवड मात्र उरली नव्हती.

"माणूस दचकेल असा कोणता?" मी विचारलं.

त्याचं हसू गेलं. त्यानं आखूड नळीच पक्की केली.

पाथरीच्या रस्त्यावर लोक शिव्या घालत होते. एरवी मी उतरून भांडलो असतो, माझं तोंड काही साधं नाही. त्या दिवशी खाली मान घालून घरी आलो.

दारात गाडी उभी करून मी मूठ पिळली. पत्रे थरथरले. म्हातारीच्या शेळ्या दावं तोडायला लागल्या. घरातून कोणी आलं नाही. पुन्हा पिळली. हाताला मुंग्या आल्या तरी पिळत राहिलो. एवढ्यानंही ती बोलली नाही, तर पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

शेवटी ती आली. हात पिठानं भरलेले. दचकली नव्हती, चिडली होती.

"बंद करा की ते," ती म्हणाली. "म्हातारीचा नातू आत्ताच निजलाय."

मी गाडी बंद केली. पण लेकरू उठलंच होतं. ते पलीकडे ओरडून रडायला लागलं, तशी ही हात न पुसताच तिकडे निघाली. अंगणात मध्येच थांबली. खाली मान घालून चोळीकडे बघितलं. चोळी दुधानं भिजली होती. मग ती तिथंच मातीत बसली आणि तिनं हंबरडा फोडला. आजूबाजूच्या बाया धावत आल्या.

मी फटफटीवर तसाच बसून होतो. मला तिचा हेवा वाटला.