लढाई संपायच्या आधीचा दसरा

आमच्या बाकावर किस्से कसे साठतात ते सांगतो. एकजण आपल्या वडिलांचा सांगतो, दुसऱ्याला राहवत नाही, तो आपल्या वडिलांचा सांगतो, आणि चहा येईपर्यंत सगळं जग फिरून होतं. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं उतारवयात नातीकडून शिकलो, त्यामुळं लिहायला वेळ लागतो. पण घाई कुणाला आहे?

बाक खडकी बाजारात, अण्णाच्या चहाच्या गाडीजवळ. बसणारे आम्ही चौघं. सुभेदार निकम, रिटायर्ड. मोरे दिघीकडचे, त्यांच्या ज्वारीच्या रानात आता लिफ्टवाली बिल्डिंग आहे. जोशी सर बुधवार पेठेतून बसनं येतात आणि आमच्या चुका काढतात. आणि मी, जन्मभर साहेबलोकांच्या बंगल्यांच्या बागा केल्या. चौघांच्याही घरातलं कुणी ना कुणी दुसऱ्या महायुद्धात अडकलेलं.

एकदा जोशी सरांनी जगाचा नकाशा आणला. म्हणाले, "एक तारीख ठरवा. त्या एका दिवशी कोण कुठे होतं, ते यावर मांडू."

तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.

"दसरा धरा," मोरे म्हणाले. "आमचा म्हातारा बर्मातला दसराच सांगायचा."

"आमचेही दसराच सांगायचे," निकम म्हणाले. मीही मान हलवली.

"कुठल्या सालचा?"

"लढाई संपायच्या आधीचा."

सरांनी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं 'दसरा' असं लिहिलं आणि म्हणाले, "आपल्याला इतिहास शिकवणारे कोण होते हो? सुखरूप आहेत ना?"

* * *

सहा महिन्यांपूर्वी शेवंताआक्का आमच्यात आल्या. वय ऐंशीच्या पुढं. नातवाला इथं आयटीत नोकरी लागली म्हणून कराडकडचं घर बंद करून आलेल्या. भाजीची पिशवी बाकावर ठेवून टेकल्या, आमचं बोलणं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी भाजी नसतानाही आल्या.

"माझा बाप लामावर गेला तवा मी आईच्या पोटात हुते," त्या म्हणाल्या. लाम म्हणजे लढाई, तिकडच्या जुन्या बायका अजून तसंच म्हणतात. "त्यो काय परत आला न्हाई. कुठल्या देशात गेला त्येबी कुणी सांगितलं न्हाई. आई म्हणायची, तू झालीस ते मी त्याला कळवलं हुतं. पर तिला लिवता येत न्हवतं, आन् गावात कुणी तिला लिवून दिलं न्हवतं. समदी म्हणायची, बाई सोताची समजूत घालतीया. मला बाकी काय नगं. मी झाले ते त्याला कळलं का, येवढंच."

मोऱ्यांनी सरकून त्यांना नीट बसायला जागा केली.

त्यानंतर कुणाचाही किस्सा संपला, की आक्का विचारायच्या, "त्यात आमच्या कराडकडचं कुणी हुतं का?"

* * *

पहिला नंबर माझा, कारण माझे वडील सगळ्यात जवळ होते. इथंच, दारूगोळ्याच्या कारखान्यात. दसऱ्याला मशीनची पूजा करायची पद्धत. झेंडू वाहिला, हळदकुंकू वाहिलं, पण उदबत्ती पेटवणार कशी? आत बारूद, काडीपेटी गेटवरच काढून घ्यायचे. तर वडिलांनी न पेटवताच उदबत्ती ओवाळली.

सुपरवायझर म्हणाला, "अरे, देवाला वास कसा जाणार?"

वडील म्हणाले, "साहेब, देव स्वतः आला तरी त्याची काडीपेटी गेटवर ठेवूनच आत सोडाल ना?"

जोशी सरांनी नकाशात पुण्यावर टिंब दिलं. आक्कांनी विचारलं. कारखान्यात कराडकडची माणसं होती, पण ती सगळी संध्याकाळी घरी जात होती.

* * *

मोऱ्यांचे वडील बर्मात खेचरं हाकायचे. जंगल, चिखल, जळवा. तरी दसरा म्हणजे शस्त्रपूजा हवीच. बंदुका ओळीनं मांडल्या, समोर ताट, ताटात नारळ. नारळ वाढवणार इतक्यात वर विमान घरघरलं. सगळे खड्ड्यात. खेचरं मात्र जागची हलली नाहीत, ती शहाणी. धडाम्‌ आवाज झाला, माती उडाली, विमान गेलं. एकेकजण डोकं वर काढून बघतो तर माणसं शाबूत, खेचरं शाबूत, आणि ताटातल्या नारळाची दोन भकलं झालेली!

हवालदार खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "चला, पूजा झाली. नारळ समोरच्या पार्टीनं वाढवला."

एक अडचण होती. त्यांच्याजवळ कॅलेंडर नव्हतं, त्यांनी दसरा दोन दिवस आधीच केला होता. जोशी सर म्हणाले, "मग नियमानुसार हा धरता येणार नाही."

"बॉम्ब टाकणाऱ्यानं धरला, सर," मोरे म्हणाले. "तुम्हाला काय होतंय?"

टिंब पडलं. कराडकडचं कुणी? खेचरं हाकणारे सगळे मावळातले होते. आक्का "बरं" म्हणाल्या.

* * *

जोशी सरांचे काका जर्मनीत कैदेत होते. काटेरी तार, थंडी, पातळ सूप. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, म्हणजे गावाची वेस ओलांडून जायचं. तार ओलांडली तर गोळी. मग काकांनी खडूनं जमिनीवर एक रेघ ओढली, आणि सगळे रांगेनं ती रेघ ओलांडून पलीकडे गेले, एकमेकांना भेटले.

पहारेकरी धावत आला. हे काय चाललंय?

काकांनी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "आम्ही बाहेर जाऊन येतोय."

त्यानं घाबरून सगळ्यांना उभं करून मोजलं. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. "सगळे तर इथंच आहेत!"

"परत आलो," काका म्हणाले. "जेवायची वेळ झाली."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हातारपणी दिवाणखान्यात बसून काका म्हणत, पहिली सुटका तीच."

त्या छावणीत कराडकडचं कुणी होतं का, सरांना माहीत नव्हतं. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं सर म्हणाले, तो एवढा एकच प्रसंग मला आठवतो.

* * *

यंदाचा दसरा आला. आक्कांनी आम्हाला आपट्याची पानं दिली, आम्ही त्यांना दिली. नकाशावर इटली तेवढी कोरी होती, आणि इटलीत निकमांचे वडील लढले होते.

"सुभेदारसाहेब, आपण लढायांचे पन्नास किस्से सांगितलेत. दसऱ्याचाच तेवढा नाही," सर म्हणाले.

"त्या दिवशी काही झालंच नाही हो," निकम म्हणाले. "एक गोळी सुटली नाही. सांगायचं काय?"

"नसंल सुटली," आक्का म्हणाल्या. "सांगा की."

निकमांनी घसा साफ केला. "डोंगरात होते. त्या दिवशी डाक आली. आमच्या वडिलांच्या सेक्शनमध्ये एकजण होता, त्याच्या नावाचा लिफाफा, पत्ता पलटणीच्या बाबूनं आधीच टाकून घरी पाठवलेला. पत्रं उघडून बघणाऱ्या गोऱ्या साहेबानं त्याला बोलावून घेतलं. आतल्या कागदावर एक अक्षर नाही. नुसता एक लाल ठसा. लहान मुलाचं पाऊल, कुंकवाचं. आणि त्याला बोटं चारच. साहेब म्हणाला, पायाला बोटं पाच असतात. ही चार म्हणजे काहीतरी खूण आहे. शत्रूची भाषा आहे. बोल, काय आहे?"

"मग?" मोरे म्हणाले.

"मग काय, तो गडी खाली बसला. बूट काढला, मोजा काढला, बाटलीतलं पाणी पायावर ओतलं आणि सपाट दगडावर पाय ठेवून उचलला. चारच बोटं. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, जमिनीला टेकतच नव्हती. साहेबानं कागद बघितला, दगड बघितला, कागद परत दिला आणि त्याच्याशी शेकहँड केला. गड्यानं काय करावं? सेक्शनची चहाची सगळी साखर उचलली आणि डोंगरभर वाटत सुटला. वडील मरेपर्यंत कुरकुरायचे, त्या चारबोट्यापायी आठवडाभर आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो."

मोरे हसले, मी हसलो. सर पेन्सिल शोधत होते. आक्कांनी आज नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"पाऊल कुठलं हुतं?" त्या म्हणाल्या.

"डावं. वडील डावंच म्हणायचे."

"आन् त्यो माणूस?"

"तो..." निकम थांबले. "तो पुढं एका नदीवरच्या लढाईत गेला, आक्का. नाव वडिलांनी कधी सांगितलं नाही. चारबोट्याच म्हणायचे."

आक्का उठल्या. गाडीशेजारच्या नळाकडं गेल्या, डावी चप्पल काढली, पाय नळाखाली धरला आणि कोरड्या फरशीवर ठेवून उचलला.

आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. निकम ताठ झाले, पाय जुळवून उभे राहिले. जोशी सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

आक्कांनी चप्पल घातली, पदरानं तोंड पुसलं आणि गाडीकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, पाच चहा दे. पाचीच्या पाची बिनसाखरंचं."